दाण्याचा हिशेब

कुपवाडच्या किंवा कराडजवळच्या तासवड्याच्या औद्योगिक वसाहतीत 'दाणा आला का?' असा प्रश्न कानावर पडला, तर तो शाळूचा किंवा हरभऱ्याचा नाही हे तिथल्या माणसाला सांगावे लागत नाही. दाणा म्हणजे प्लॅस्टिकचा दाणा. साबुदाण्याएवढा, दोन ते पाच मिलिमीटरचा, पांढुरका किंवा काळा. २५ किलोच्या गोणीतून तो येतो, मशीनच्या तोंडावरच्या नरसाळ्यात ओतला जातो, वितळतो आणि ठिबकची नळी, द्राक्षाचा क्रेट, बाटलीचे बूच किंवा साखरेचे विणलेले पोते होऊन बाहेर पडतो. एका दाण्याचे वजन साधारण २५ मिलिग्रॅम धरले तर एका गोणीत दहा लाख दाणे भरतात. गोणी उतरवताना हमालाची आकडी लागली, शिलाई उसवली, की मूठ-दोन मुठी दाणा खाली सांडणारच. तो झाडून आत घेतला तर माल, नाही घेतला तर पहिल्या वळवाच्या पावसात गटारात, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून कृष्णेत.

या दाण्यावर नजर ठेवायची तर खर्च किती आणि तो कोणी सोसायचा, हा या लेखाचा विषय. प्रश्न आजचा दिसतो, पण त्याचे उत्तर जुन्या कागदांत दडले आहे असे मला वाटते. मी इतिहासाचा पदवीधर नाही आणि वकीलही नाही. जुने कायदे, गॅझेटियर आणि निवाडे वाचायचा नाद गेली पंचवीस-तीस वर्षे आहे, एवढेच. या वाचनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. नदी घाण करण्याचा खर्च कोणावर पडणार हे बहुधा कायद्यातल्या एखाद्या शब्दाच्या व्याख्येने ठरते, आणि त्या शब्दातून जे निसटते त्याचे बिल खालच्या अंगाच्या गावाकडे जाते.

सुरुवात १८६० पासून करू. त्या वर्षीच्या भारतीय दंडसंहितेत २७७ वे कलम होते. सार्वजनिक झऱ्याचे किंवा जलाशयाचे पाणी कोणी जाणूनबुजून घाण केले तर तीन महिने कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या काळात ५०० रुपये ही लहान रक्कम नव्हे. पण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कलकत्ता आणि मद्रास उच्च न्यायालयांपुढे प्रश्न आला, की नदीचे काय? न्यायालयांनी अक्षर धरले. वाहती नदी म्हणजे झरा नव्हे आणि जलाशयही नव्हे, म्हणून हे कलम तिला लागू नाही.

या निवाड्यांचा आपल्या भागाशी संबंध काय, असे कोणी विचारील. सातारा शहराला पाणी येत होते कासच्या तलावाचे. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये त्या काळच्या शहराच्या पाण्याची हकीकत वाचायला मिळते. डोंगरावरून उताराने येणारे ते पाणी म्हणजे कायद्याच्या भाषेत जलाशयाचे, म्हणून संरक्षित. पण माहुलीच्या संगमापासून खाली कराडपर्यंत ज्या गावांनी कृष्णेचेच पाणी घागरीने नेले, त्यांचे पाणी कलमाच्या बाहेर. (सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थाने, त्यांच्या दरबारी कारभाराची गोष्ट निराळी आहे, ती इथे काढत नाही.) गंमत म्हणजे २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत हे कलम २७९ व्या क्रमांकावर आले. कैद सहा महिन्यांची झाली, दंड ५,००० रुपयांचा झाला, शब्द मात्र तेच राहिले: झरा किंवा जलाशय.

नदीला कायद्यात स्वतःचे नाव मिळाले ते शंभर वर्षांनी. यात महाराष्ट्र पुढे होता, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. राज्याने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ सालीच केला आणि ७ सप्टेंबर १९७० ला प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जल कायदा आला २३ मार्च १९७४ ला. पाणी हा राज्यांचा विषय असल्यामुळे तो राज्यांनी ठराव करून स्वीकारायचा होता. महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला. या कायद्यात नदी, ओढा, नाला, भूजल, सारे काही एका व्याख्येत घेतले. कारखान्याने सांडपाणी सोडण्यापूर्वी मंडळाची संमती घ्यायची, मंडळाने नमुने तपासायचे, अटी घालायच्या.

पण तपासणाऱ्याचा पगार कुठून द्यायचा? या प्रश्नाला संसदेने दिलेले उत्तर म्हणजे १९७७ चा जल उपकर कायदा. आपल्याकडे या कायद्याविषयी कोणी फारसे लिहीत नाही, पण माझ्या मते कृष्णाकाठच्या प्रदूषणाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. ठरावीक उद्योग आणि पाणी पुरवणाऱ्या स्थानिक संस्था यांनी वापरलेल्या पाण्याच्या मापावर कर द्यायचा, मीटर बसवायचा. दर असे होते: थंड करण्यासाठी वापरलेल्या पाण्याला किलोलीटरमागे पाऊण पैसा, घरगुती पाण्याला एक पैसा, सहज कुजणारी घाण मिसळणाऱ्या प्रक्रियेला दोन पैसे आणि सहज न कुजणारी व विषारी घाण मिसळणाऱ्या प्रक्रियेला अडीच पैसे.

हिशेब करून पाहू. एखादा कारखाना रोज एक हजार किलोलीटर, म्हणजे दहा लाख लिटर पाणी वापरतो आणि त्यात कुजणारी घाण मिसळतो असे धरले, तर दोन पैशांच्या दराने रोजचे वीस रुपये. दीडशे दिवसांच्या हंगामाचे तीन हजार. त्यातही शुद्धीकरण यंत्रणा बसवली तर ७० टक्के सूट, म्हणजे उरले ९००. (ही सूट १९९१ मध्ये २५ टक्क्यांवर आणली.) कारखान्याच्या पाहुण्यांच्या चहापाण्यावर याहून अधिक जात असेल. हा पैसाही सरळ सातारा-सांगलीत राहत नव्हता. राज्याच्या मंडळाने गोळा करायचा, केंद्राच्या तिजोरीत भरायचा, आणि मग संसदेच्या मंजुरीने त्यातला वाटा मंडळाकडे परत यायचा.

तरीही मी या कराला किरकोळ म्हणणार नाही. कारण त्यात एक तत्त्व होते. जितके पाणी, तितका कर. जितकी वाईट घाण, तितका दर जास्त. नदीवर नजर ठेवण्याचा खर्च ती वापरणाऱ्याने मापून द्यायचा.

मग आला साखरेचा प्रश्न. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कृष्णा-कोयना-वारणेच्या खोऱ्यात सहकारी साखर कारखाने उभे राहत गेले. त्यांनी या भागाचे काय केले हे सांगायला मी कशाला हवा. शाळा, दवाखाने, रस्ते, राजकारण, सगळे तिथूनच निघाले. पण गाळपाच्या हंगामातले सांडपाणी आणि डिस्टिलरीचे मळीमिश्रित पाणी हीच नदीच्या प्रदूषणाची मोठी तक्रार राहिली. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीजवळ मेलेल्या माशांचा खच वाहत आला, तो ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगायला नको. अशा उद्योगाला उपकर लागतो की नाही? कायद्याच्या अनुसूचीत 'साखर' हा शब्दच नव्हता. 'प्राणिज किंवा वनस्पतिजन्य पदार्थांवरील प्रक्रिया' असा उद्योग होता आणि मंडळे साखर त्यातच धरत होती. हरियाणातल्या एका साखर कारखान्याने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी तो जिंकला. न्यायालयाचे म्हणणे असे की उसाची साखर करणे ही प्रक्रिया नव्हे, ते उत्पादन आहे. मूळ वस्तूपेक्षा निराळीच वस्तू त्यातून जन्माला येते.

तर्क चोख आहे, त्यात खोट काढता येत नाही. पण परिणाम पाहा. ज्या खोऱ्यात नदीचे पाणी सर्वाधिक वापरणारा आणि बिघडवणारा उद्योग साखरेचा, तिथे एका शब्दाच्या अर्थामुळे तो उद्योग त्या करातून बाहेर पडला. पुढे अनुसूचीत 'सर्व शेतीमाल व त्याचा टाकाऊ भाग' अशा अर्थाचे शब्द घालून केंद्राने ही वाट बुजवली, २००३ मध्ये दरही वाढवले. पण मधल्या काळात गेलेले गेले. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा इतर अनेक उपकरांबरोबर हा जल उपकरही रद्द झाला. चाळीस वर्षे चाललेला हा कर गेला तेव्हा कोणी त्याचा मृत्युलेख लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

आता मंडळाचा आधार मुख्यतः संमती शुल्काचा. ते शुल्क बसते कारखान्याच्या भांडवली गुंतवणुकीवर. म्हणजे इमारत आणि यंत्रे जितकी महाग, तितके शुल्क. नदीत काय आणि किती गेले याच्याशी त्या रकमेचा संबंध उरला नाही.

इथवरची हकीकत पाण्यात विरघळणाऱ्या घाणीची. प्लॅस्टिकच्या कायद्यांची गोष्ट वेगळ्या दाराने आत आली. १९९९ चे केंद्राचे नियम पिशवीच्या जाडीबद्दल होते, २० मायक्रॉनपेक्षा पातळ नको. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, तुंबलेल्या गटारांचा दोष पिशव्यांवर आला, आणि २००६ मध्ये महाराष्ट्राने ५० मायक्रॉनची मर्यादा घातली. २०१६ मध्ये केंद्राचे प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम आले. त्यांत उत्पादकाची विस्तारित जबाबदारी आली. २३ मार्च २०१८ ला राज्याची प्लॅस्टिकबंदी आली. जल कायद्याचीच तारीख, हा निव्वळ योगायोग. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिने कैद.

या बंदीचा भार कोणी उचलला? महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायती. पथके नेमायची, गाडी द्यायची, जप्त मालाची विल्हेवाट लावायची, आणि हे सगळे त्यांच्याच आधीच्या माणसांकडून. पथक गेले ते भाजीवाल्या मावशीकडे, कारण ती रस्त्यावर बसते आणि पिशवी दिसते. मी बंदीच्या विरोधात नाही. पण पिशवी ही प्लॅस्टिकच्या प्रवासातली शेवटची पायरी, आणि तिच्यावरच सगळी सक्ती का, हा प्रश्न तेव्हाही पडला होता.

कारण पहिल्या पायरीचे नाव कायद्यात नाही. २०१६ च्या नियमांत प्लॅस्टिक कचऱ्याची व्याख्या आहे: वापरून झाल्यावर किंवा ठरलेला उपयोग संपल्यावर टाकून दिलेले प्लॅस्टिक. सांडलेला दाणा कोणी वापरलेला नाही आणि त्याचा उपयोग सुरूही झालेला नाही. तो कच्चा माल आहे. म्हणून तो कचरा नव्हे. २०२४ च्या दुरुस्तीत 'सूक्ष्म प्लॅस्टिक' हा शब्द आला, तर त्याचे माप दिले एक मायक्रॉन ते एक हजार मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटरपर्यंत. दाणा दोन ते पाच मिलिमीटरचा. त्या शब्दाला तो मोठा पडला! झरा नव्हे म्हणून नदी सुटली, प्रक्रिया नव्हे म्हणून साखर सुटली, तसा वापरलेला नव्हे आणि पुरेसा बारीक नव्हे म्हणून दाणा सुटतो.

आणि जुना जल उपकर आज असता तरी त्याला सापडला नसता. ठिबकची नळी ओढणाऱ्याला पाणी लागते ते नळी थंड करण्यापुरते, आणि तेही फिरवून फिरवून वापरलेले. पाण्याच्या मापावर बसवलेला कर त्याला जेमतेम शिवला असता. उपकराच्या बाजूने मी वर इतके लिहिले, म्हणून ही बाजूही मांडली पाहिजे.

जगात या दाण्याची दखल बरीच आधी घेतली गेली. अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९९१ मध्येच दाणा न सांडण्याची स्वेच्छा मोहीम सुरू केली. ऐच्छिक मोहिमेचे व्हायचे तेच झाले. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाला त्यासाठी कायदा करावा लागला. टेक्सासमध्ये डायन विल्सन नावाच्या कोळंबी पकडणाऱ्या बाईने आणि तिच्या सोबत्यांनी खाडीकाठी हिंडून दाण्याचे हजारो नमुने पिशव्यांत भरले आणि फॉर्मोसा या कंपनीला न्यायालयात खेचले. २०१९ मध्ये पाच कोटी डॉलरवर तडजोड झाली. सरकारी खात्याने करायचे काम तिथे लोकांनी वर्षानुवर्षे फुकट केले, हाही सार्वजनिक खर्चच.

आपल्या शेजारी श्रीलंकेत २०२१ च्या मे-जूनमध्ये 'एक्स-प्रेस पर्ल' हे जहाज जळून बुडाले आणि सुमारे १,६८० टन दाणा समुद्रात गेला. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एक अब्ज डॉलर भरपाईचा आदेश दिला. त्याच वर्षी २५ मे रोजी 'एमएससी एल्सा ३' कोचीजवळ बुडाले आणि तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर पांढऱ्या दाण्यांचा थर आला. केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला. तिथे दावा लावता आला, कारण जहाजाला नाव असते, मालक असतो, विमा असतो. कुपवाडच्या गटारातून गेलेल्या मूठभर दाण्याला यातले काहीच नसते. युरोपीय आयोगाचा अंदाज मात्र असा, की २०१९ या एका वर्षात युरोपात ५२ हजार ते १ लाख ८४ हजार टन दाणा असाच गळाला. तो बुडालेल्या जहाजांतून नव्हे, रोजच्या हाताळणीतून.

युरोपने २०२३ मध्ये मांडलेल्या आणि २०२५ मध्ये सहमती झालेल्या नियमांतला एक भाग मला महत्त्वाचा वाटतो. वर्षाला १,५०० टनांहून अधिक दाणा हाताळणाऱ्या मोठ्या उद्योगाने स्वतंत्र संस्थेकडून स्वखर्चाने तपासणी करून प्रमाणपत्र घ्यायचे. लहानांना सवलत, स्वतःचे घोषणापत्र पुरे. म्हणजे पहाऱ्याचा खर्च दाण्याच्या वजनावर. १९७७ मध्ये आपण पाण्यासाठी जे तत्त्व घेतले होते, जवळपास तेच.

मग इथे काय करता येईल? नवा कायदा हवाच असे मला वाटत नाही, आणि कारण आपल्याच जुन्या नियमांत आहे. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ यांच्या सहाव्या अनुसूचीत सांडपाण्याची सर्वसाधारण मानके आहेत. त्यांत एक ओळ अशी, की नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यातले तरंगते-गाळाचे कण ८५० मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारे असावेत. दाणा या चाळणीत अडकतो. म्हणजे नदीत गेलेला प्रत्येक दाणा या मानकाच्या विरुद्ध आहे. अडचण एवढीच, की हे मानक सांडपाण्याच्या तोंडाशी तपासले जाते आणि दाणा जातो पावसाच्या पाण्याच्या गटारातून. संमतिपत्रात अट घालण्याचा अधिकार मंडळाला आहेच. पावसाळी गटाराच्या तोंडाशीही जाळी, माल उतरवण्याच्या जागी पत्र्याचा ट्रे आणि झाडू, एवढी अट घालायला तिजोरीतून किती जाणार? छपाईचा कागद आणि जाळी पाहून येणाऱ्या माणसाचा वेळ.

खरा खर्च त्या माणसाच्या वेळाचाच आहे. कोऱ्या दाण्यापासून वस्तू बनवणारे कारखाने प्रदूषणाच्या वर्गवारीत हिरवे धरले जातात. त्यांची संमती सर्वांत लांब मुदतीची आणि तपासणी सर्वांत विरळ. भंगार प्लॅस्टिक धुऊन, दळून त्याचा पुन्हा दाणा करणारे नारिंगी वर्गात. नजर त्यांच्यावर अधिक. धुण्याच्या पाण्याबरोबर चुरा जातो हे खरेच आहे. पण ही माणसे पत्र्याच्या शेडमध्ये दोन मशीनवर धंदा करतात आणि गावाचा कचरा कमी करतात. सर्वांना सारखी अट आणि सारखे शुल्क लावले तर मोठा कारखाना ते भरून मोकळा होईल आणि भंगारवाला नोंदणीच सोडून देईल. मग तो कोणाच्याच वहीत राहणार नाही. म्हणून शुल्क गुंतवणुकीवर नव्हे, दाण्याच्या टनावर बसवावे असे माझे मत आहे. किती टन दाणा खरेदी केला हा आकडा वस्तू व सेवा कराच्या बिलांत आधीच असतो. ज्या कराने जल उपकर घालवला त्याच्याच कागदांत नवे माप तयार पडले आहे.

कारभाराची एक अडचण राहते. कृष्णा महाबळेश्वरहून निघून सांगली जिल्ह्यात उतरते, तशी मंडळाच्या दफ्तरात ती एका साहेबाकडून दुसऱ्याकडे जाते. सातारचे उपप्रादेशिक कार्यालय पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली, सांगलीचे कोल्हापूरच्या. कराडच्या खाली नदीत पडलेला दाणा ज्याच्या हद्दीत सापडेल त्याच्या हद्दीतून तो आलेला नसतो. तोवर पाणी घेणाऱ्या नगरपालिका आणि गावच्या योजना जॅकवेलच्या जाळ्या साफ करीत राहतात. १९९५ च्या राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेत या नदीवरची कराड आणि सांगली ही शहरे घेतली गेली, पण तो पैसा मैलापाण्यासाठी. आणि शेरीनाल्याचा प्रश्न सांगलीकरांच्या किती निवडणुका पुरला हे सांगलीकरच जाणोत.

धोम धरणापासून क्षेत्र माहुली, कराड असे करीत खाली मंडळाचे लोक नियमाने कृष्णेचे नमुने घेतात. त्यांची तक्ते मी पाहत असतो: आम्लता, विरघळलेला प्राणवायू, जैविक प्राणवायू मागणी, जंतूंची संख्या. काम चोख असते. पद्धत अशी ठरली आहे की वरचा तवंग, पालापाचोळा टाळावा म्हणून बाटली पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंटिमीटर बुडवून भरायची. ठिबकच्या नळीचा आणि साखरेच्या पोत्याचा दाणा पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो पाण्याहून हलका असल्यामुळे वर तरंगतो, आणि बाटलीच्या तोंडावरून पुढे निघून जातो.